जॉन कीट्सची पत्रं: मूळ कागद कुठले, नकला कोणाच्या, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

अनुजा_क
आमच्या वाचनगटात इंग्रज कवी कीट्सच्या कवितांनंतर आता त्याची पत्रं घ्यायचं ठरतंय. चार महिने, आठवड्याला एक बैठक. त्याआधी जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.
१. फुकट मिळणारी आवृत्ती चालेल का, की विकतचीच घ्यावी?
२. 'निगेटिव्ह केपेबिलिटी'चं (उत्तराची घाई न करता अनिश्चिततेत राहण्याची क्षमता) जगप्रसिद्ध पत्र कीट्सच्या हस्ताक्षरात उपलब्धच नाही, असं वाचनात आलं. तसं असेल तर बाकीच्या पत्रांचं काय? छापलेल्या शब्दावर कितपत विसंबायचं?
३. तारखेच्या क्रमानं वाचावं की माणसांच्या?

टाकबोरू
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोघांची उत्तरं त्यावरच ठरतात.

होय, ते पत्र मूळ स्वरूपात नाही. डिसेंबर १८१७ मध्ये कीट्सनं ते जॉर्ज आणि टॉम या भावांना लिहिलं. दोघं तेव्हा डेव्हनमध्ये टिनमथला होते. पुढे जॉर्ज अमेरिकेत गेला, केंटकीतल्या लुइव्हिल गावी स्थिरावला आणि १८४१ मध्ये वारला. त्याची विधवा जॉर्जियाना हिनं जॉन जेफ्रीशी लग्न केलं. १८४५ मध्ये रिचर्ड मंक्टन मिल्न्स कीट्सच्या चरित्राची जुळवाजुळव करत होता, तेव्हा या जेफ्रीनं घरातल्या पत्रांच्या नकला करून त्याला पाठवल्या. हे पत्र आपल्याला फक्त त्या नकलेतून माहीत आहे.

आता जेफ्री नक्कलकार म्हणून कसा होता? काही पत्रांचं मूळही टिकलंय आणि त्याची नक्कलही, त्यामुळे शेजारी ठेवून ताडता येतं. तो परिच्छेदच्या परिच्छेद गाळतो आणि गाळल्याची कुठलीही खूण ठेवत नाही. अक्षर लागलं नाही की जवळचा वाटेल तो शब्द बसवतो. म्हणून ज्या पत्राचा एकमेव साक्षीदार जेफ्री आहे, त्यात 'कीट्सनं अमुक म्हटलं' हे बिनधास्त म्हणता येतं, पण 'कीट्सनं अमुक गोष्टीचा उल्लेखच केला नाही' हे म्हणता येत नाही. ती ओळ जेफ्रीनं टाकून दिलेली असू शकते.

सातारकर
वाचतोय. उत्तम विषय.

मोडीवाला
त्या पत्राच्या तारखेचं प्रकरणही सांगा. ऐतिहासिक कागद वाचणाऱ्यांना त्यात फार गोडी वाटेल.

टाकबोरू
सांगतो. जेफ्रीच्या नकलेवर वर्ष १८१८ आहे. ते चूक कसं ठरतं, ते बघा.

पहिला पुरावा मायन्यातच आहे. पत्र दोन्ही भावांना उद्देशून आहे. टॉम १ डिसेंबर १८१८ ला क्षयानं गेला आणि जॉर्ज त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेला निघून गेला होता. म्हणजे डिसेंबर १८१८ मध्ये दोघा भावांना एकत्र पत्र जाणं शक्यच नाही.
दुसरा वाराचा. पत्रावर रविवार आहे. १८१७ मध्ये २१ डिसेंबरला रविवार येतो.
तिसरा मजकुरातला. त्यात एडमंड कीनच्या नाटकाचा आणि विल्यम होनच्या खटल्याचा उल्लेख आहे. होन सुटला तो डिसेंबर १८१७ मध्येच.
आणि ख्रिसमसच्या पँटोमाइमहून चालत परततानाच्या गप्पांचा उल्लेख पुढे येतो. ते खेळ २६ डिसेंबरला सुरू होत. म्हणजे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही. पत्रांचा संपादक हायडर रॉलिन्स यानं म्हणूनच '२१, २७ (?) डिसेंबर १८१७' अशी दुहेरी तारीख दिलीय. ते प्रश्नचिन्ह वाचताना गाळू नये.

मोडीवाला
ही तर आपल्या दप्तरातल्या कागदांचीच रीत झाली. पत्रावर चंद्र (म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस) आणि वार असतो, सालाचा पत्ता नसतो. मग जंत्री उघडायची, वार जुळतो का बघायचं, मजकुरातल्या माणसांपैकी तेव्हा कोण हयात होतं, कोण कुठल्या मुक्कामी होतं ते तपासायचं. ज्यांना याची सवय आहे त्यांना कीट्सच्या पत्रांतल्या तळटीपा अजिबात जड जाणार नाहीत.

शिशिरसांज
सगळेच नक्कलकार जेफ्रीसारखे नव्हते, हेही इथे लगेच नोंदवायला हवं, नाहीतर वाचनगट घाबरून जाईल.

रिचर्ड वुडहाउस हा पेशानं वकील, कीट्सचे प्रकाशक टेलर अँड हेसी यांचा सल्लागार. कीट्स हयात असतानाच त्याची खात्री पटली होती की या माणसाचा कागदाचा कपटाही पुढे मोलाचा ठरणार. त्यानं मित्रांकडून पत्रं मागवून घेऊन एका वहीत उतरवून घेतली. काही स्वतः, काही कारकुनाकडून, आणि कारकुनाची नक्कल स्वतः तपासून. ही पत्रांची वही हार्वर्डला आहे. मित्र जॉन हॅमिल्टन रेनल्ड्सला लिहिलेल्या बऱ्याच पत्रांचं मूळ आज नाही, पण वुडहाउसमुळे मजकूर हातात आहे. मानवी आयुष्याला अनेक दालनांच्या वाड्याची उपमा देणारं ३ मे १८१८ चं पत्र रेनल्ड्सलाच लिहिलेलं आहे.

थोडक्यात, प्रत्येक पत्राला आधी विचारायचं: तू कोणाच्या हातून आलंस? कीट्सच्या, वुडहाउसच्या, ब्राउनच्या की जेफ्रीच्या? माझ्या मते भरवशाचा क्रमही हाच.

दप्तरबंद
ब्राउनला तिसऱ्या जागेवर ठेवलंत ते योग्य, पण कारण वेगळं आहे. कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन अडाणी नक्कलकार नव्हता. तो जाणूनबुजून झाकतो. कीट्सनं शेवटच्या काळात त्याला लिहिलेली पत्रं, म्हणजे १ नोव्हेंबर १८२० चं नेपल्सचं आणि ३० नोव्हेंबरचं रोमचं, आपल्याला ब्राउननं लिहिलेल्या चरित्राच्या हस्तलिखितातून मिळतात. तिथे कीट्सची वाग्दत्त वधू फॅनी ब्रॉन हिचं नाव तो येऊ देत नाही. १८४१ मध्ये न्यूझीलंडला जाण्यापूर्वी त्यानं आपले कागद मिल्न्सच्या स्वाधीन केले आणि पुढच्याच वर्षी तिकडे वारला. मिल्न्सचं पुस्तक १८४८ चं. त्यातही तिचं नाव नाही.

म्हणजे रोमचं ते शेवटचं ज्ञात पत्र, 'निरोप घेताना मी नेहमीच अवघडून वाकायचो' अशा अर्थाचं वाक्य ज्यात आहे, तेही कीट्सच्या हातचं नाही, ब्राउनच्या हातचं आहे.

कोल्हापुरी_मिरची
मग असली पत्रं आहेत तरी कुठे?? सगळंच नकली निघायला लागलं की :)

शिशिरसांज
@मिरची, नक्कल आणि नकली यांत फरक आहे. :) असली भरपूर आहेत.

सगळ्यात मोठा साठा हार्वर्डच्या होटन लायब्ररीत. कवयित्री एमी लोवेल १९२५ मध्ये वारली, तिचा कीट्स-संग्रह मृत्युपत्रानं तिथे गेला, आणि आर्थर होटनच्या संग्रहाची त्यात भर पडली. 'एमएस कीट्स १' या खुणेखाली पत्रं, 'एमएस कीट्स २' खाली कविता. छायाचित्रं घरबसल्या फुकट बघता येतात. बेन्जामिन बेलीला लिहिलेलं २२ नोव्हेंबर १८१७ चं, वुडहाउसला लिहिलेलं २७ ऑक्टोबर १८१८ चं (कवीला स्वतःचा असा स्वभावच नसतो, हे म्हणणारं) आणि १८१९ चं जॉर्ज-जॉर्जियानाला लिहिलेलं प्रचंड रोजनिशी-पत्र, तिन्ही तिथेच.

धाकटी बहीण फॅनी कीट्स हिला लिहिलेली बहुतेक पत्रं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. ती स्पॅनिश लेखक यानोसशी लग्न करून माद्रिदला गेली, १८८९ पर्यंत जगली आणि भावाची पत्रं तिनं जपली. कीट्सची ही पत्रं सगळ्यात मोकळी आणि खेळकर आहेत. पालक रिचर्ड ॲबी भेटू देत नाही म्हणून भाऊ कागदावरून तिला हसवतो.

बाकी न्यूयॉर्कची मॉर्गन लायब्ररी, हॅम्पस्टेडचं कीट्स हाउस आणि इतरत्र विखुरलेली.

लंडनस्थ
ब्रिटिश लायब्ररीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर त्यांची डिजिटल हस्तलिखितं आणि यादी दोन्ही बंद पडली होती. जुन्या लेखांत दिलेले दुवे त्यामुळे तुटलेले निघतात. दुव्यावर वेळ घालवू नका. हस्तलिखिताचा क्रमांक लिहून घ्या आणि त्या क्रमांकानं नव्यानं शोधा. होटनचंही तेच: पानाचा दुवा नव्हे, 'एमएस कीट्स १' पुढचा आकडा टिपून ठेवा. दुवे मरतात, क्रमांक टिकतात.

नीरव७
होटनची छायाचित्रं उघडून बघितली तर काही पानं जाळीसारखी दिसतात. अक्षरावर अक्षर. हे काय आहे?

टाकबोरू
ते आडवं-उभं लेखन. कारण टपालखर्च. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचं शुल्क अंतरावर आणि तावांच्या संख्येवर ठरायचं, वजनावर नाही. १८१२ च्या दरांप्रमाणे १७० ते २३० मैलांसाठी एका तावाला ११ पेन्स. दोन ताव केले की दुप्पट. आणि बहुधा पैसे भरायचे पत्र घेणाऱ्यानं! लिफाफा हाही एक ताव धरला जायचा, म्हणून लिफाफा कोणी वापरत नसे. एकच मोठा ताव मधोमध दुमडून चार पानं करायची. तीन पूर्ण लिहायची, चौथ्याचा मधला भाग पत्त्यासाठी मोकळा ठेवायचा, मग घडी घालून लाखेनं किंवा चिकटीच्या टिकलीनं बंद करायचं. जागा संपली की कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरून आडव्या ओळी. कीट्सनं एका पत्रात या चौकटींवरच गंमत केलीय. चौकटीवरून गवळण, गवळणीवरून होगार्थ, होगार्थवरून शेक्सपियर अशी विचारांची साखळी तो ओढत नेतो.

वाचायचं कसं: छायाचित्र उतरवून घ्या. एक प्रत सरळ, दुसरी ९० अंशांत फिरवलेली. आधी सरळ थर पूर्ण वाचा. मग फिरवलेली प्रत पूर्ण मोठी करून एकेक ओळ, सोबत छापील मजकूर. दोन्ही थर एकाच वेळी वाचायला गेलात तर डोकं भणभणतं आणि हाती काही लागत नाही. ज्या ठिकाणी दोन थरांचे जाड फटकारे एकमेकांवर येतात, तिथेच संपादकांचे वाद असतात.

शिशिरसांज
यात आणखी एक भर. पत्र उघडताना टिकली फाटते आणि तिच्याबरोबर कागदाचा रुपयाएवढा तुकडा जातो. घडीमुळे ते भोक दुसऱ्या पानाच्या मजकुरात पडतं. छापील आवृत्तीत चौकोनी कंसात दिलेले अर्धे शब्द बहुधा या भोकांचे असतात. ते संपादकानं भरलेले आहेत, वाचलेले नाहीत.

अनुजा_क
हे फार उपयोगाचं आहे. चौकोनी कंस इतके दिवस नुसते ओलांडले जात होते. फॅनी ब्रॉनला लिहिलेली पत्रं कुठे येतात या सगळ्यात?

कोल्हापुरी_मिरची
ती वाचूच नयेत असं माझं मत. खासगी होती, तिनं आयुष्यभर कुणाला दाखवली नाहीत. मुलानं विकली. आपण कशाला त्यात डोकावायचं?

दप्तरबंद
@मिरची, आक्षेप आजचा नाही. १८७८ मध्ये हॅरी बक्स्टन फोर्मननं ती छापली तेव्हाही असाच गदारोळ झाला. फॅनी १८६५ मध्ये वारली. मुलगा हर्बर्ट लिंडन यानं वडिलांच्या मृत्यूनंतर पत्रं बाहेर काढली. मार्च १८८५ मध्ये त्यांचा लिलाव झाला आणि ऑस्कर वाइल्डनं त्या प्रकाराचा संताप एका सुनीतात मांडला. सिडनी कॉल्विननं तर १८९१ च्या आपल्या आवृत्तीत ही पत्रं घेतलीच नाहीत.

पण न वाचण्याची किंमत फॅनीनंच मोजली. पन्नासेक वर्षं लोक तिला थिल्लर, कीट्सला छळणारी मुलगी समजत होते, कारण त्याच्या आजारातल्या संशयी पत्रांवरून तिची पारख केली जात होती आणि तिचा आवाज कुठेच नव्हता. तिची पत्रं कीट्सच्या कागदांत नाहीतच. रोमला आलेली शेवटची त्याच्याच्यानं उघडवली नाहीत, रोममध्ये त्याच्यासोबत असलेला मित्र सेव्हर्न यानं ती तशीच त्याच्याबरोबर पुरली. मग १९३६ मध्ये तिनं फॅनी कीट्सला लिहिलेली पत्रं छापून आली आणि हुशार, संयमी, वाचणारी मुलगी लोकांना पहिल्यांदा दिसली. त्याची पत्रं वाचायची असतील तर तिची ही पत्रं सोबत वाचलीच पाहिजेत. एक बाजू वाचून उठणं हा अन्याय आहे.

कोल्हापुरी_मिरची
तिच्या पत्रांची बाजू पटली. छापण्याबद्दलचं माझं मत मात्र कायम. हयातीत झाकलेलं होतं ते झाकलेलं राहायला हवं होतं.

टाकबोरू
वाचताना एक सावधगिरी. फॅनी ब्रॉनला लिहिलेल्या पत्रांचे दोन गट करा. १ जुलै १८१९ ला शँक्लिनहून लिहिलेल्या पत्रापासून पुढची, टपालानं गेलेली: त्यांवर शिक्के आहेत. लंडनच्या टूपेनी पोस्टच्या (शहरांतर्गत टपालाच्या) शिक्क्यांवर तर वेळही असते. ३ फेब्रुवारी १८२० ला रक्ताची गुळणी झाल्यावरची मात्र बहुतेक चिठ्ठ्या आहेत. वेंटवर्थ प्लेसमध्ये एका भिंतीपलीकडे ती राहायची, चिठ्ठी हातोहात जायची. म्हणजे शिक्का नाही, बरेचदा तारीखही नाही. त्यांचा क्रम संपादकांनी आजाराच्या चढउतारावरून लावलाय. तेव्हा 'आधी प्रेमळ, मग संशयी, मग पुन्हा प्रेमळ' असा आलेख काढून त्यावर मानसशास्त्राचा इमला उभारू नये. क्रमच अंदाजाचा आहे.

सातारकर
+१. हे चित्रपट आणि कादंबऱ्यांमुळे फार होतं.

लंडनस्थ
अवांतर: कागद हरवण्याला चोरच लागतात असं नाही, प्रेमानंही हरवतात. कावडन क्लार्कनं 'आय स्टुड टिप-टो' या कवितेचं हस्तलिखित पट्ट्या कापून चाहत्यांना भेट दिलं. सेव्हर्ननं 'इझाबेला'च्या कच्च्या खर्ड्याचं तेच केलं. त्या पट्ट्या पुन्हा जुळवण्यात अभ्यासकांची हयात गेलीय.

नीरव७
अरेरे. कात्री चालवताना हात कसा धजावला असेल.

अनुजा_क
आता मूळ प्रश्न पहिला आणि तिसरा. आवृत्ती कोणती आणि क्रम कोणता?

शिशिरसांज
आवृत्ती: फुकटात गुटेनबर्गवर कॉल्विनची १८९१ ची मिळते. भाषा स्वच्छ, वाचायला सोपी, पण वर सांगितल्याप्रमाणे फॅनी ब्रॉनची पत्रं नाहीत. कित्येक जण ती वाचून 'कीट्सची पत्रं वाचली' म्हणतात आणि प्रेमपत्रं कुठे गेली म्हणून शोधत बसतात. ती १८७८ च्या फोर्मनच्या पुस्तकात, इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. दोन्ही जोडून काम भागतं.

विकत घ्यायची तर ऑक्सफर्डची गिटिंग्जनं केलेली निवड, २००२ मध्ये जॉन मीनं सुधारलेली, किंवा पेंग्विनची जॉन बर्नार्डची २०१४ ची. गटात एकानं तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून हायडर रॉलिन्सचे १९५८ चे दोन खंड मिळवावेत. त्यात प्रत्येक पत्राच्या डोक्यावर पत्ता, शिक्के आणि मूळ कागद कुठे आहे ते दिलंय. नक्कल असेल तर कोणाची, तेही. वाद झाला की रॉलिन्स उघडायचा.

दप्तरबंद
सहमत, फक्त कॉल्विनला 'स्वच्छ' म्हणताय तीच माझी तक्रार. कीट्सच्या पत्रात पूर्णविराम कमी आणि आडव्या रेघा जास्त. मधेच मोठं अक्षर, स्पेलिंग कानाला येईल तसं. त्यात त्याच्या विचाराचा वेग आहे. वाक्य संपायच्या आत पुढचं सुचलेलं असतं. सगळं इस्त्री करून छापलं की तो एकदम शहाणासुरता निबंधकार वाटायला लागतो. निदान पाचेक पत्रं तरी मूळ लेखनासह वाचा.

शिशिरसांज
मान्य. पण इंग्रजी ज्यांची रोजची भाषा नाही त्यांनी आधी स्वच्छ पाठ वाचावा, मग मूळ. उलट केलं तर दुसऱ्या बैठकीला निम्मी मंडळी गळतात.

टाकबोरू
क्रमाबद्दल. सरसकट तारखेनं जाऊ नका, १८१६-१७ च्या सुरुवातीच्या पत्रांतच गट अडकतो. सोळा बैठका धरून असं सुचवतो:

पहिल्या तीन बैठका बहीण फॅनीला लिहिलेली पत्रं आणि १८१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पायी प्रवासातून टॉमला लिहिलेली. बेन नेव्हिसची चढाई, पाऊस, ओटच्या भाकऱ्यांचा कंटाळा. माणूस ओळखीचा होतो.

मग चार बैठका विचारांच्या पत्रांना: बेली, जेफ्रीच्या नकलेतलं ते डिसेंबर १८१७ चं, रेनल्ड्स, वुडहाउस. इथे प्रत्येक वेळी 'कोणाच्या हातून' हा प्रश्न विचारा.

पुढच्या चार पूर्णपणे एकाच पत्राला द्या: १४ फेब्रुवारी ते ३ मे १८१९, जॉर्ज आणि जॉर्जियानाला. अडीच महिने तो तेच पत्र पुढे लिहीत राहतो. त्यात क्रिकेट खेळताना डोळ्याला लागलेला चेंडू आहे, हायगेटच्या वाटेवर भेटलेला कोलरिज आणि त्यानं चालता चालता काढलेले हजार विषय आहेत, जग म्हणजे आत्मा घडवण्याची दरी हा विचार आहे, आणि मधेच 'ला बेल दाम सां मेर्सी' ही अख्खी कविता आहे. कविता संपल्यावर लगेच तो खुलासा करतो की चुंबनं चारच का: आकडा सम ठेवला म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखा न्याय. ज्या कवितेवर शेकडो पानं लिहिली गेली, ती ज्या कागदावर प्रथम उतरली तिथे तिच्याखाली हा विनोद आहे. होटनच्या छायाचित्रात हे पान जरूर बघा.

तीन बैठका फॅनी ब्रॉनला, त्यातली एक तिनं लिहिलेल्या पत्रांना. उरलेल्या दोन शेवटच्या प्रवासाला. त्यात २४ ऑक्टोबर १८२० चं, नेपल्सच्या बंदरात जहाज विलगीकरणात अडकलेलं असताना फॅनीच्या आईला लिहिलेलं पत्र घ्याच. फॅनीसाठी त्यात शेवटी एकच ओळ आहे.

मोडीवाला
एक सूचना. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावा: पत्राची तारीख, तारीख कशावरून ठरली (शिक्का, वार, मजकूर की अंदाज), आणि मूळ की नक्कल. प्रत्येक बैठकीत भरत जा. तारीख कशावरून ठरली हा रकाना कोणी रिकामा सोडू देऊ नका.

अनुजा_क
तक्ता करतेय. पहिल्या बैठकीला फॅनी कीट्सची पत्रं नक्की. रॉलिन्सचे खंड पुण्यात किंवा मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बघायला मिळतात, कोणाला माहीत असल्यास इथेच लिहा.

लंडनस्थ
ग्रंथालयाचं पुणेकर-मुंबईकर सांगतील. तोवर इंटरनेट अर्काइव्हवर रॉलिन्स, १९५८ असं शोधून बघा. आणि शोधताना दोन्ही खंड वेगळे शोधा, दुसरा खंड १८१९ पासून सुरू होतो.